लूप लाइनवरचं पाणी

भर सभेत उठून उभं राहण्याची सवय वाईट. बसलेल्या माणसाला कोणी काम सांगत नाही. उभा राहिलेला मात्र स्वतःच स्वतःला सांगून मोकळा होतो आणि मग टाळ्या पडतात. टाळ्या पडल्यावर खाली बसता येतं, पण बोललेलं परत घेता येत नाही. मी, प्रेमानंद रामटेके, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेला फोरमन, कुरुदच्या आमच्या बुद्धविहारात असाच एकदा उभा राहिलो.

झालं होतं असं. चौदा एप्रिलची मिरवणूक उन्हातान्हात फिरून विहाराशी परत येते, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी आणि सरबत द्यायची आमच्याकडे रीत आहे. पूर्वी हे पाणी विहाराच्या विहिरीतून यायचं. कारखाना उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून जी माणसं कामाला आली, त्यांनी झोपड्यांत राहून, ड्यूटीवरून आल्यावर ही विहीर खणली. त्यांत आमच्या विहारातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या ठकूबाईचे मालक लहानूबाबा पुढे होते. अलीकडे मात्र विहीर होळीच्या आतच तळ दाखवायची, म्हणून आम्ही पाण्याचे जार मागवू लागलो. त्या वर्षी जारची गाडी कुठेतरी अडकली आणि अख्खी मिरवणूक कोरड्या घशाने उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हिशेबाच्या सभेत ठकूबाई काठी टेकत आल्या. वय झालं असलं तरी आवाज भोंग्यासारखा.

"बाबासाहेबानं आमाले तळ्याचं पानी प्याले शिकोलं," त्या म्हणाल्या, "अन् आमच्या पोट्ट्यायनं आमाले जारच्या गाडीची वाट पाहाले शिकोलं."

या वयात मला कोणी पोट्टा म्हणत नाही, त्यामुळे ते फारच लागलं. मी उठलो आणि म्हणालो, "माय, पुढच्या चौदा एप्रिलला तुम्हाला याच विहिरीचं पाणी पाजीन. नाही पाजलं तर विहार कमिटीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा देईन." टाळ्या पडल्या. काही टाळ्या पहिल्या वाक्याला होत्या आणि काही राजीनाम्याला, हे मला नंतर कळलं.

घरी आमच्या सौ. भागीरथाबाईंनी बातमी माझ्याआधी ऐकलेली होती. "मोरीचा नळ टपकून राह्यला दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "थो दुरुस्त नाई होत, अन् विहीर भरून देतो म्हनून सांगून आले?"

आता सल्ल्यांचा पूर आला. विहिरीत पाणी नसलं तरी आमच्या कॉलनीत सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाला विहीर आणखी खोल करा, दुसरा म्हणाला तळात बोअर मारा. तिसऱ्याच्या साडभावाने राजनांदगावला विहिरीत मीठ टाकलं होतं आणि तिला पाणी लागलं होतं, फक्त ते खारट होतं. माझे शेजारी आणि सकाळच्या फिरण्यातले जोडीदार बळीराम वासनिक, रेल्वेत दुर्ग लाइनवर पी-वे मिस्त्री होते, म्हणजे रूळ आणि रुळाखालची जमीन सांभाळणारे. त्यांनी विहिरीत डोकावून नुसतंच "फॉर्मेशन चांगलं हाय" असं प्रमाणपत्र दिलं. विहिरीला पाणी नाही आणि हे फॉर्मेशन, म्हणजे जमिनीची मजबुती, बघत होते. तिथेच मला पुढचं दिसायला हवं होतं.

शेवटी आमची करिष्मा बोलली. ती दुर्गच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि घरात मराठी सुरू करून हिंदीत संपवते. "पप्पा, विहीर खोल करून काहीच होनार नाई. कुआँ तो सिर्फ मुँह है. पेट तो पीछे नाले में है. मुँह कितना भी बड़ा कर लो, पेटच रिकामं असेल तर क्या फायदा?"

विहाराच्या मागून एक नाला जातो. तो नंदिनीकडच्या माळावरून निघतो, शेताशिवारांतून आमच्यापर्यंत येतो आणि पुढे शिवनाथ नदीला मिळतो असं म्हणतात. आम्ही त्याला नाला म्हणायचो आणि वागवायचोही तसंच. वरच्या माळाची माती पावसात धुऊन जाते, पाणी आलं की पळून जातं, जे थांबतं ते प्लास्टिक. करिष्माचं म्हणणं असं की वर माळावर दगडांचे छोटे छोटे बांध घालायचे, नाला साफ करायचा, आणि पावसाळा संपला की विहाराच्या वरच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा बंधारा घालायचा. पाणी थांबलं की जमिनीत मुरेल, मुरलं की विहिरीला येईल. ऐकायला इतकं सोपं होतं की मी लगेच कागदपत्रांच्या मागे लागलो.

पहिला प्रश्न: नाला कोणाचा? आम्हाला वाटायचं नाला आपला, कारण वास आपल्याकडे येतो. सरकारी कचेरीत गेल्यावर कळलं की नाल्याचा डावा काठ शहरात मोडतो आणि उजवा काठ पंचायतीत. साहेब सज्जन होते. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "देखिए रामटेके जी, बायें आधे बाँध पर हमें कोई आपत्ति नहीं है."

"और दायाँ आधा?"

"उस पर आपत्ति करने का अधिकार हमारा नहीं है."

अर्ध्या बंधाऱ्याची परवानगी घेऊन घरी येणारा मी बहुधा जगातला पहिलाच माणूस असेन. अडवलं तर पूर्ण पाणी अडतं, अर्धं पाणी अडवायची सोय निसर्गाने अजून केलेली नाही. पण कारखान्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस मंजुरी मिळाली की काम सुरू करतो, मंजुरीत काय आहे हे नंतर वाचतो.

उजव्या अर्ध्यासाठी बिसाहू यादवांकडे जावं लागलं. ते पंचायतीचे पंच. उजव्या काठावर त्यांचा गोठा, लाल भाजीची बाडी, म्हणजे छोटा मळा, आणि म्हशींचं मोठं खटलं. आम्ही सगळे मुद्दे समजावून सांगितले: भूजल, पर्यावरण, पुढची पिढी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सब बने हे. फेर मोर भइँस मन कहाँ बइठही?"

म्हशी कुठे बसतील, या प्रश्नाचं उत्तर आमच्या योजनेत नव्हतं. म्हशी दुपारी नाल्यात बसतात, बंधाऱ्याच्या जागेच्या जरा खाली, हे आम्ही रोज पाहत होतो. पण म्हशी म्हणजे देखावा, पक्षकार नव्हे, अशी आमची समजूत होती. मी म्हणालो, "बैठेंगी, वहीं बैठेंगी." बिसाहूंनी माझ्या शब्दावर उजवा अर्धा दिला. मी तोंडाने दुसऱ्यांदा उभा राहिलो होतो.

पावसाळ्याआधी माळावर दगडांचे बांध घातले. ते काम नीट झालं, कारण त्यात मी नव्हतो. करिष्मा, तिचे विद्यार्थी आणि बिसाहूंच्या गावच्या बायका यांनी ते केलं. नाल्यातलं प्लास्टिक काढायला आमच्याही बायका गेल्या, आणि दोन्हीकडच्या बायकांची अशी गट्टी जमली की आमच्या घरात तांदळाच्या पिठाचा चीला होऊ लागला आणि तिकडे झुणका. मी मात्र मुख्य बंधाऱ्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवली, आणि इथे प्लांट आणि रेल्वे यांचा प्रश्न आला.

आमच्या कमिटीत अर्धे प्लांटवाले आहेत आणि अर्धे रेल्वेवाले. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सारखेच पेन्शनर दिसतात, पण पाण्याच्या बाबतीत या दोन जाती वेगळ्या आहेत. माझी सगळी नोकरी भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या राखणीत गेली. तिथे पाणी क्षणभर कमी पडलं तरी भट्टी फुटते. म्हणून प्लांटवाला पाणी दिसलं की साठवतो. उलट बळीराम. पाणी रुळाखाली थांबलं की जमीन खचते, जमीन खचली की गाडी घसरते. त्यांनी सगळी उमर पाण्याला रुळापासून हाकलण्यात घालवली. त्यांच्या दारात पावसाचं डबकं साचत नाही, ते सगळं आमच्या दारात येतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही कामाची वाटणी करताना मीच म्हणालो, "बंधारा प्लांटवाले घालतील. आजूबाजूचं काम रेल्वेकडे."

आजूबाजूचं काम म्हणजे माझ्या मनात झाडू, चुना आणि खुर्च्या होत्या.

आम्ही रेशनच्या तांदळाची पोती गोळा केली आणि वाळू भरली. रोज कामाआधी सगळ्यांना उभं करून मी सुरक्षेची शपथ घ्यायला लावत असे. हेल्मेटशिवाय नाल्यात उतरायला मनाई होती. डोक्यावर पडण्यासारखं तिथे आभाळाशिवाय काही नव्हतं, पण शिस्त ती शिस्त. बंधाऱ्याच्या मधोमध पाणी जायला तेवढी फट ठेवली. ती उद्घाटनाच्या दिवशी साहेबांच्या हस्ते पोती ठेवून बुजवायची होती. पलीकडे बळीरामची माणसं काही दिवस काठावर फावडी चालवत होती. सुरेख, सरळ रेषेत उकरलेली माती दिसत होती. मला वाटलं फुलझाडं लावताहेत. मी भाषण पाठ करत होतो, त्यामुळे जवळ गेलो नाही.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. त्रिशरण झालं, साहेबांचा सत्कार झाला, माझं भाषण झालं. "आज या नाल्याने पळणं सोडलं आहे," असं माझं शेवटचं वाक्य होतं. साहेबांनी हेल्मेट घालून शेवटचं पोतं ठेवलं. पाणी थांबलं, फुगलं, हळूहळू वर चढू लागलं. लोक टाळ्या वाजवायला हात उचलून तयार होते. तेवढ्यात पाणी डावीकडे वळलं, बळीरामच्या सरळ सुरेख नालीत शिरलं, काठाकाठाने आमच्या बंधाऱ्याला वळसा घालून खाली परत नाल्यात उतरलं आणि पूर्वीपेक्षा जोरात शिवनाथकडे निघून गेलं.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच खाली आले. साहेब नालीकडे बोट दाखवून म्हणाले, "यह बाइपास किसने सैंक्शन किया?"

बळीराम छाती काढून पुढे झाले. "साहब, पानी रुका ना, तो सब बैठ जाता है. हमने साइड ड्रेन दे दिया. अब आपके बाँध को सौ साल कुछ नहीं होगा."

खरंच होतं ते. ज्या बंधाऱ्याला पाणी लागतच नाही, त्याला काय होणार? साहेबांना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं, पण मी लाल झालो होतो. सगळ्यांसमोर मी बळीरामना म्हणालो, "तुम्हाला अक्कल आहे का? आपण पाणी अडवायला जमलो होतो."

"अन् तुमाले?" बळीराम म्हणाले. "आजूबाजूचं काम कोनं देल्लं होतं मले? तुमीच ना? मंग पाहाले काहून नाई आले?"

मी आवाज वाढवला. त्यांनीही वाढवला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. सकाळी मी वरच्या रस्त्याने फिरायला जाऊ लागलो, ते खालच्या. वाटेत समोरासमोर आलो तर दोघेही मोबाइल काढून बघायचो, माझ्यात तर बॅलन्सही नसे. इतक्या वर्षांचा जोडीदार सुटला की फिरणं नुसतं चालणं होतं, हे मला कळत होतं, पण अपमान झालेला माणूस पाय मोडला तरी चुकीच्या रस्त्यानेच जातो. बायकांवर काही परिणाम नव्हता. भागीरथाबाई आणि बळीरामच्या चंदाबाई कुंपणावरून वाट्या देत-घेत होत्या. शत्रूच्या घरची वडीची भाजी मी त्या काळात पुष्कळ खाल्ली.

बळीरामने आपली माणसं काढून घेतली. मी प्लांटवाल्यांना घेऊन नालीचं तोंड पोत्यांनी पक्कं बंद केलं. आता पाणी खरोखर अडलं. नाला भरू लागला, मी रोज काठावर उभा राहून ते पाहत असे. मग एक दिवस ते उजव्या काठावरून चढलं आणि बिसाहूंच्या बाडीत शिरलं. लाल भाजी बुडाली. आणि बंधाऱ्याच्या खालचा नाला, जिथे म्हशी बसत असत, तो पार कोरडा पडला.

बिसाहू भांडले नाहीत. तक्रार केली नाही. त्यांनी फक्त दुपारी म्हशी सोडल्या आणि माझ्या फाटकासमोर आणून बसवल्या. आमच्या पाण्याच्या टाकीचं सांडपाणी तिथे जमतं. म्हशींना जागा पसंत पडली.

"तैं कहे रहेस, बइठही," बिसाहू मला म्हणाले. "त बइठे हें."

बसतील, हा शब्द माझाच होता. म्हशी माझ्या नावाच्या पाटीखाली रवंथ करत बसल्या. "पी. एल. रामटेके, फोरमन (से.नि.)" आणि खाली आठ-दहा म्हशी. ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांनी फोटो काढले. पोस्टमन पाकीट लांबून फेकू लागला. एका म्हशीने शेवंती खाल्ली, आणि ती शेवंती भागीरथाबाईंची होती. तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"जा बळीरामभाऊकडं."

"मी काहून जाऊ? तो येईल."

"हे पाहा," त्या म्हणाल्या, "तुमची इज्जत अन् विहिरीचं पानी, दोनी एका वक्ती वर नाई येत. एकाले खाली सोडा लागते. कोनाले सोडता ते तुमी ठरवा. पन ठकूमाय रोज सकाळी विहिरीत वाकून पाहाते अन् निंगून जाते. मले तिच्या तोंडाकडं पाहावत नाई."

हे मलाही माहीत होतं. ठकूबाई मला कधी काही बोलल्या नाहीत. त्या रोज यायच्या, काठी बाजूला ठेवून काठावर हात टेकायच्या, आत बघायच्या आणि जायच्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बळीरामच्या फाटकाशी गेलो. ते झाडांना पाणी घालत होते, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मी म्हणालो, "माझ्या दारात म्हशी बसल्या आहेत."

"दिसून राह्यल्या," ते म्हणाले.

"नाली उघडावी लागेल."

त्यांनी नळ बंद केला. मग पाइप खाली ठेवून म्हणाले, "मी पन चुकलो ना जी. मी रातदिन पानी हाकललं. इथं हाकलाचं नव्हतं, हे डोस्क्यातच नाई आलं. हात आपोआप चालते." आणि मग, "खालच्या रस्त्यानं एकट्याले करमत नाई."

मी म्हणालो, "वरच्याही."

यापेक्षा जास्त माफी आमच्या वयाच्या माणसांना झेपत नाही. आम्ही दोघे बिसाहूंना घेऊन नाल्यावर गेलो. करिष्मा आधीच तिथे होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणजे तिच्या आईने बोलावलं असणार. तिथे जी बैठक झाली तिला मी समन्वय म्हणणार नाही. प्रत्येकजण आपलंच घेऊन बसला होता. मला माझा बंधारा मोडायचा नव्हता. बळीरामना आपली नाली बुजवायची नव्हती. बिसाहूंना म्हशींची जागा परत हवी होती आणि बाडी कोरडी. ठकूबाईंना विहीर भरून हवी होती, आणि त्या बैठकीत नसल्या तरी सगळ्यांच्या डोक्यात त्याच होत्या.

करिष्मा म्हणाली, "विहाराच्या मागे तो मुरमाचा खड्डा आहे ना? सब सड़क के लिए मुरूम खोद के ले गए. पानी वहाँ छोड़ो. मुरमातून भराभर मुरतं. अंकल, आपकी नाली को वहाँ तक मोड़ सकते हैं क्या?"

बळीरामचा चेहरा उजळला. माणसाला माफ केलं की तो खूश होतो, पण त्याला काम दिलं की तो तरुण होतो. त्यांनी नालीला फाटा काढला. एक तोंड मुरमाच्या खड्ड्याकडे, दुसरं बंधाऱ्याखाली म्हशींच्या जागेकडे. फाट्यावर फळी बसवली, ती सरकवली की पाणी रूळ बदलतं. खड्ड्याकडची मेन लाइन, म्हशींकडची लूप लाइन. दिवसभर मेन लाइन चालायची आणि दुपारी थोडा वेळ लूप. फळी सरकवायला ते स्वतः हिरवी झेंडी घेऊन जायचे. झेंडीची काही गरज नव्हती, पण माझ्या हेल्मेटची तरी कुठे होती? नालीच्या तोंडाची उंची अशी ठेवली की बंधारा भरलेला राहावा आणि बाडी बुडू नये. म्हशींना वेळापत्रक इतक्या लवकर समजलं की बळीरामना उशीर झाला तर त्या फळीपाशी येऊन उभ्या राहायच्या.

थंडीत विहिरीला पाणी चढलं. पण थंडीत ते दरवर्षीच असतं, म्हणून कोणी नाचलं नाही. होळी आली. पाणी होतं. वीस मार्चला, चवदार तळ्याच्या दिवशी, ठकूबाई आल्या, वाकल्या, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "दिसून राह्यलं." मग नाला आटला. मेन लाइन बंद, लूप लाइन बंद. म्हशी गावच्या तलावावर गेल्या. एप्रिल तापू लागला आणि विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं खाली जाऊ लागलं. मी आणि बळीराम सकाळी फिरायला जाण्याऐवजी विहिरीभोवतीच फेऱ्या मारू लागलो.

"पानी राहीन," बळीराम म्हणायचे.

"राहील," मी म्हणायचो.

चौदा एप्रिल उजाडला. मी विहिरीजवळ कारखान्याच्या कॅन्टीनसारखी व्यवस्था लावली होती: बांबू, दोऱ्या, आत जायची वाट, बाहेर यायची वाट, प्रत्येकाने रांगेत यायचं. मिरवणूक परतली, "जय भीम"चा गजर झाला, सगळे घामाघूम उभे राहिले. ठकूबाई बादलीच्या दोराला हात घालणार, तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि पाण्याच्या जारची गाडी येऊन थांबली. ती मी मागवली होती, गुपचूप, न जाणो म्हणून. गाडीवाला उतरून ओरडला, "रामटेके जी कौन हैं?"

मी जमिनीत जागा शोधत होतो, एवढ्यात पलीकडून दुसरी जारची गाडी आली. त्या गाडीवाल्याने विचारलं, "वासनिक जी?"

बळीराम झेंडीच्या मागे लपायला बघत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वर्षभर सगळ्या जगाला भरवसा देत फिरलेली माणसं आम्ही. आणि ज्या वेळी भरवसा ठेवायचा, त्या वेळी दोघांनी वेगवेगळ्या दुकानातून जार मागवले होते. सगळे हसले. ठकूबाई हसल्या नाहीत.

"बिसाहू," त्यांनी हाक मारली, "तुह्या म्हशी कुटं हाय?"

"तरिया म हें, दाई. पानी कमती हे उहाँ."

"मंग हे दोनी गाड्या तिकडं ने. पाज त्याईले."

आणि खरोखर नेल्या. त्या दिवशी भिलाईतल्या इतर म्हशी काय प्यायल्या माहीत नाही, आमच्या म्हशी गाळलेलं, थंड केलेलं, सीलबंद पाणी प्यायल्या.

ठकूबाईंनी बादली सोडली. आवाज यायला जरा वेळ लागला, तेवढ्यात मी दोनदा राजीनामा दिला. मग खाली बादली पाण्यावर आपटली. तो आवाज मी कधी विसरणार नाही. बादली भरून वर आली. मी माझ्या व्यवस्थेप्रमाणे पुढे होऊन म्हणालो, "सर्वांनी रांगेत उभं राहा, एकेकाने..."

"ते दोऱ्या काढ," ठकूबाई म्हणाल्या.

"माय, गर्दी आहे. शिस्त..."

"मी लहान होती तवा आमच्या गावाले विहिरीपासून दूर उभी राहो," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हातात गडवा घेऊन. कोनी वरून वाढीन तवा पानी. कंदी दुपार होऊन जाये. तुह्या लहानूबाबानं हे विहीर खनली तवा मले म्हने, या विहिरीवर कोनी वाट पाहात उभं राहाचं नाई. काढ दोऱ्या."

मी दोऱ्या काढल्या. बळीरामने गाठी सोडायला मदत केली. ठकूबाईंनी पहिला पेला भरला आणि बिसाहूंच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि पिऊन टाकला. मग लोक विहिरीभोवती आले, सगळीकडून, धक्के देत, हसत, ओंजळी पुढे करत. कसलीच व्यवस्था नव्हती आणि कोणी तहानलेलं राहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मी कोणाला सांगितलं नाही, घाम पुसतोय असं दाखवलं.

शेवटी भागीरथाबाईंनी आम्हा दोघांना पेले आणून दिले. मी एक घोट घेतला. पाण्याला थोडी लोखंडाची चव होती.

"आमच्या प्लांटची चव आहे ही," मी म्हणालो.

बळीरामने घोट तोंडात घोळवला. "नाई जी. रुळाची हाय."

"विहिरीची हाय," भागीरथाबाई म्हणाल्या. "प्या चुपचाप."

आम्ही प्यालो.